कॉम्प्युटरच्या पोटातला फ्रिज

प्रिय ठमाबाई,

पत्र बघून दचकली असशील. रोज फोनवर डोकं खाणारी आई पत्र कशाला लिहितेय, असं मनात येऊन तू थेट शेवटचं पान उघडलं असशील, तर परत वर ये आणि शिस्तीत वाच. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आणि हो, पाकीट केराच्या टोपलीत टाकलं असशील तर आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. तुझी सवय मला ठाऊक आहे, लहानपणी खेळणं आणलं की खोका आधी भिरकावायचीस. पाकीट का जपायचं ते शेवटी सांगते.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, खरं सांग, बाबांचा हात कसा आहे?" आणि मी "बरा आहे गं" म्हणून दुधाच्या भावावर घसरले. काय करणार, हे शेजारीच बसले होते, पेपर उलटा धरून, सगळा जीव कानात. तुझ्या प्रयोगशाळेच्या बाईंना या महिनाअखेर कळवायचंय, पुढे राहणार की नाही ते. हे तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या नवऱ्याने सांगितलं. हात सुधारत नसेल तर सगळं सोडून परत यायचं तू मनाशी ठरवून टाकलंयस, हेही त्यानेच सांगितलं. त्याच्यावर चिडू नकोस. मीच खोदून खोदून विचारलं.

यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू बॅग भरायला घेतली होतीस. "तू नुकती रुजू झालीयेस, तू थांब, मी जातो, माझं काम कुठूनही होतं," असं म्हणून जावईबापू आमच्या दारात येऊन उभे राहिले, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात ते कॉम्प्युटरचं धूड. आता तुला खरं सांगते. लोक काय म्हणतील ते राहू दे, पण जावयासमोर दिवसभर गाऊनवर कसं वावरायचं, याचीच मला जास्त काळजी होती. आणि इकडे तुझे बाबा. जिभेचं निभावलं, पायाचंही निभावलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. वापरलात तर येईल, नाहीतर कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला. तो यांनी असा काही दाबला की सुटून पलंगाखाली गेला आणि हत्यारांच्या पेटीशेजारी पडून राहिला. जन्मभर लोकांचे फ्रिज दुरुस्त केलेला माणूस, दुकान बंद करून भिंतीकडे तोंड करून बसायचा, हात स्वेटरच्या खिशात. मी समजावून थकले, ओरडून थकले, एकदा रडूनही पाहिलं.

जावईबापूंना आम्ही तुझी खोली दिली. त्याचं काम तुला माहीतच आहे, न बांधलेली घरं बांधल्यासारखी दाखवायची, भिंतीवरच्या उन्हासकट. त्याने एक चित्र करायला टाकलं की तो कॉम्प्युटर दिवसदिवस तापत बसायचा आणि त्याचे पंखे असे बोंबलायचे की मला शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी ऐकू येईना. आणि एवढं करून ऐन वेळी डब्बा गरम होऊन बंद पडायचा, की केलेलं काम पाण्यात. तुझे बाबा जावयाशी पहिलं वाक्य बोलले ते याच्यावरूनच. दारात उभे राहून म्हणाले, "अहो जावईबापू, हे विमान उतरणार कधी?"

बिचारा ओशाळला. त्याने काय करावं? दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक जुना बुटका फ्रिज आणला, बाटल्या ठेवायचा असतो तसला. त्यात पाण्याची नळी गुंडाळून ठेवली, नळीची टोकं भोक पाडून बाहेर काढली आणि ते पाणी कॉम्प्युटरमधून फिरवायला लागला. पहिला थोडा वेळ मजेत गेला, मग फ्रिजच आजारी पडल्यासारखा धापा टाकायला लागला आणि आतलं पाणी कोमट. तुझे बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. आणि ठमे, ते हसले! आजारपणानंतर पहिल्यांदा, खो खो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, त्याचं काम आतल्या चार बाटल्या गार ठेवायचं, तुम्ही त्याच्या पोटात शेगडी पेटवून ठेवलीत. त्याला कॉम्प्रेसर तगडा पाहिजे." जावई म्हणाला, "मग बाबा, तगडा पण छोटा असतो का? या डब्यातच मावेल असा?" मी हातातलं काम टाकून यांच्या तोंडाकडे बघत राहिले. यांनी डब्याच्या आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "माझी पेटी काढा पलंगाखालून."

त्यानंतर माझ्या घराचं जे काही झालं ते विचारू नकोस. जेवणाच्या टेबलावर तांब्याच्या नळ्या, ओट्यावर मीटर, बाथरूमच्या बादलीत साबणाचा फेस, कारण नळी कुठे फुसफुसते का ते फेस लावून बघायचं असतं. गाडीत ठेवायच्या फ्रिजचा एक कॉम्प्रेसर मिळाला, पाणी प्यायच्या तांब्याएवढा. बेत असा की एका लहानशा टाकीत फ्रिजच्या गॅसची थंड नळी आणि पाण्याची नळी शेजारी शेजारी वेटोळी घालून बसवायची, म्हणजे गॅसने पाणी गार करायचं, पाण्याने कॉम्प्युटरचं डोकं गार करायचं, आणि सगळी उष्णता मागच्या जाळीतून बाहेर फेकायची. आणि हे सगळं त्याच डब्याच्या आत. पाण्यात जावयाने हिरवं औषध मिसळलं, नळ्या गंजू नयेत म्हणून. ते त्याच्या चांगल्या शर्टावर सांडलं, आणि मी तो डाग लिंबू, साबण, सोडा सगळ्यांनी घासला, जागचा हलला नाही. हा शर्ट लक्षात ठेव.

तांब्याच्या नळ्या जोडायला दोन हात लागतात, एका हातात ज्योत आणि दुसऱ्यात डागाची काडी. तांबं लाल झालं की नेमक्या त्या क्षणी काडी टेकवायची, की ती वितळून सांध्यात शिरते. जावयाने एकट्याने करून बघितलं, दोन नळ्या भाजल्या आणि एक बोट. मग यांनी त्याला ज्योत धरायला लावली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. "पुढे घे, अजून, आता थांब, हलू नकोस रे!" मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन आत येत होते. आधी मला ते "रे" ऐकू आलं. इतके दिवस अहो-जाहो चालू होतं, ते कधी गळून पडलं कुणास ठाऊक. आणि मग दिसली काडी. ती यांच्या उजव्या हातात होती. काडीचं टोक हवेत गिरक्या घेत होतं, पण तांबं लाल झालं तसं ते टोक बरोबर जाऊन टेकलं. त्यांना स्वतःला पत्ताच नव्हता. मी बादली हळूच खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने तोंड दाबून रडून घेतलं.

मध्ये एकदा व्यायामाच्या बाई आल्या. चेंडू कुठाय म्हणून विचारलं, तर हे शांतपणे म्हणाले, "कॉम्प्रेसरखाली." तो थरथरून आवाज करतो म्हणून यांनी चेंडूचे चार तुकडे करून त्याच्या पायांखाली बसवले होते. बाई रागावणारच होत्या, पण आधी त्यांनी आपली बोटं यांच्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, दाबा बघू. यांनी दाबली. बाई "आई गं" म्हणाल्या, आणि यांचाच चेहरा घाबराघुबरा झाला.

हे सगळं मी तुला तेव्हाच का कळवलं नाही, तर मध्येच एक दिवस असा आला की सगळं मातीमोल होतंय असं वाटलं. यंत्र जोडून झालं होतं. कॉम्प्युटर चालू करण्याआधी कॉम्प्रेसर लावून नुसतं गार पाणी फिरवून बघायचं ठरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि ते रात्रभर चालू ठेवून आम्ही झोपलो. सकाळी कागदावर ओल. टाकीतून बाहेर येणाऱ्या तांब्याच्या कोपऱ्यावरून थेंब टपकत होता, आणि तो सांधा यांनीच केलेला. हे खाली वाकले. एकदा थेंबाकडे पाहिलं, एकदा हाताकडे, "गेला तो गेलाच," एवढंच म्हणाले, हात स्वेटरच्या खिशात घातला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. जावई म्हणत होता, "बाबा, माझीच ज्योत हलली असेल." ऐकायला कोण आहे? जेवले नाहीत. मी तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. त्या क्षणी तू काही विचारलं असतंस तर मी "ये" म्हणाले असते, शपथ.

मग मी ते ओलं आवरायला गेले. घर माझं आहे, पाणी कुणीही सांडो, पुसायचं मलाच. पांढरं फडकं घेऊन तो कोपरा पुसला आणि माझा हात थबकला. फडकं पांढरंच! त्या हिरव्या पाण्याने माझ्या नाकी नऊ आणले होते, ते गळत असतं तर फडक्याला रंग आला नसता? मी जावयाला हाक मारली. त्याने फडकं उलटं केलं, सुलटं केलं, नाकाला लावलं. "आई, हे आतलं पाणी नाहीच. हे दव आहे. गार नळीवर हवेतली वाफ धरली." तेवढ्यात मागून आवाज आला, "आणि खोलीत एवढी वाफ आणली कुणी?" हे उठून दारात आले होते आणि वर बघत होते. वर दोरीवर त्यांचाच लेंगा, दोन चादरी, टॉवेल आणि माझी साडी.

आता हसू नकोस. इमारतीला रंग देताहेत, बाहेर परांची आणि गोणपाटं, बाल्कनीत काही वाळत घालायची सोय नाही. आणि तुझ्या नवऱ्याच्या कॉम्प्युटरमागून इतकी सुरेख गरम हवा यायची की चादर दुपारपर्यंत कडकडीत. मी महिनाभर तिथेच दोरी बांधली होती, कुणाला न विचारता. म्हणजे हे दोघे सांध्यावरून जीव जाळत होते आणि सांधा होता ठणठणीत, ओली होती ती माझी धुणी! यांनी मला इतकं ऐकवलं की विचारू नकोस, आणि मी ते सगळं खाली मान घालून, मनातल्या मनात नाचत ऐकून घेतलं. मग म्हटलं, तुम्ही तरी एवढं बर्फासारखं गार कशाला केलं होतं, कॉम्प्युटरला काय आइस्क्रीम करायचंय? त्यावर मात्र दोघांनी कपाळाला हात लावला. यांची आयुष्यभराची सवय, जितकं गार तितकं काम चांगलं. दव धरणार नाही एवढंच गार ठेवायचं असतं, हे फ्रिजवाल्याला सुचलं नाही आणि कॉम्प्युटरवाल्यालाही नाही. यांनी बारीक पेचकस घेऊन तो गारव्याचा स्क्रू थोडा मागे फिरवला, नळ्यांवर फोम चढवला आणि माझी दोरी कापली. सगळं उजव्या हाताने.

आता डब्बा बंद करून तुझ्या टेबलाखाली ठेवलाय. कुठून काही कळत नाही, हलकी घरघर तेवढी. चित्रं दिवसरात्र होत असतात, एकदाही बंद पडला नाही. हे येता-जाता त्याच्यावर तळवा ठेवून ताप बघतात. दुकान उघडायचं म्हणताहेत, निदान सकाळच्या वेळी. जावई तुझ्याकडे येईल तेव्हा हे धूड घेऊनच येणार, तर यांचा आतापासून धोशा आहे, "आडवं नेऊ नकोस रे, उभंच ने, कॉम्प्रेसरमधलं तेल सरकतं."

तर आता पाकीट हातात घे. पत्त्यातलं तुझं नाव वाकडंतिकडं आहे, शेवटची ओळ खाली घसरली आहे, एका अक्षरावर शाई फुटली आहे. लहान मुलाकडून लिहून घेतलं की काय असं तुला वाटलं असेल. सगळी दुपार बसून, तीन पाकिटं वाया घालवून, ते तुझ्या बाबांनी उजव्या हाताने लिहिलंय. बरा आहे हे फोनवर मी कितीही वेळा म्हटलं असतं, तरी तुझा विश्वास बसला नसता. म्हणून पाकीट हवं होतं, आणि नुसतं रिकामं पाकीट कसं पाठवायचं, म्हणून हे पत्र. तू तिथेच राहा, ठमे. तुझ्या बाईंना हो म्हणून सांग.

तुझीच, आणि आता रात्री शांत झोपणारी,
आई