नोंद चढेपर्यंत

५ मार्च

चि. घाईबाईस,
अ. आ.

आज रविवार. मधाच्या डब्यांची नोंद चढवायला दिली आहे, आणि ती चढेपर्यंत नेहमीसारखी तुला लिहायला बसले आहे. तुमच्या ऑफिसची ती ब्लॉकचेन, म्हणजे नोंदींची साखळी, मोठं प्रस्थ. आमच्या मध संघाच्या प्रत्येक सभासदाच्या घरचं यंत्र नोंद तपासून मान डोलवणार, मगच ती पक्की. तोवर माझा चहा होतो, पत्रही होतं. शेजारचे सुतार माझ्यासारख्याच मधमाश्या पाळतात. ते म्हणतात, त्यांची नोंद चुटकीसरशी होते. थापा मारतात झालं. तू वेळेवर जेवतेस ना? खोटं लिहू नकोस.

तुझी आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुतारकाका थापा मारत नाहीत गं. गेल्या वर्षी आम्ही मूळ साखळीवर एक थर चढवला. आता आमचं एकच यंत्र सगळ्यांच्या नोंदी गोळा करतं आणि त्यांचा गठ्ठा करून खालच्या साखळीत टाकतं, म्हणून काम झटपट होतं. थेट खाली जायचा जुना रस्ता एकच माणूस वापरतो. तो कोण, हे तुझं पत्र वाचून कळलं आणि मी हसून हसून बेजार झाले.

एका माणसासाठी एवढी देखभाल कशाला, म्हणून तो रस्ता बंद करायचं मीच सुचवलं होतं. आता हात होईना. साहेबांकडे महिनाभराची मुदत मागितली. कारण विचारलं तेव्हा 'आत्या' असं सांगवेना. नवी पद्धत सोबत लिहून पाठवते, ती शीक.

तुझी घाईबाई

२६ मार्च

चि. घाईबाईस,
अ. आ.

मंगळवारी तुमच्या वरच्या यंत्राने मान टाकली, ते तुला ठाऊकच आहे. इथे व्यापाऱ्याचा ट्रक फाटकाशी उभा, आणि नोंदीशिवाय तो एक डबा उचलेना. गावातल्या सगळ्या सभासदांचा वर्षाचा मध अंगणात पडून. सुतारांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तुझी नवी पद्धत मी आळसाने शिकलेच नव्हते, म्हणून जुन्या रस्त्याने नोंद दिली आणि ती चढली. मग सगळे माझ्याच टेबलाशी! संध्याकाळपर्यंत रांग चालली, पण सगळा मध गेला. सुतार माझे आभार मानायला लागले तेव्हा म्हटलं, "माझे नकोत, भाचीचे माना."

पोरी, रस्ता उघडा ठेवलास, फार उपकार झाले. पण रोज सगळेच इकडून आले तर रांगेतच मध गोठेल, हेही कळलं. आता नवी पद्धत शिकते.

तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उपकार तुझेच. तू वापरत होतीस, म्हणून तो रस्ता शिल्लक होता. आता तो कायम ठेवायचं बैठकीत ठरलं. तो चालू आहे ना, हे बघायला कुणीतरी अधूनमधून त्यावरून नोंद द्यायला हवी. मी तुझं नाव सांगून टाकलं.

तेव्हा रोजच्या नोंदी नव्या पद्धतीने कर, गुडघे धरून खुर्चीत बसून राहू नकोस. रविवारची मात्र जुन्या रस्त्यानेच दे. खरं सांगू? रस्ता बंद करायला हात झाला नाही, कारण नोंद चढेपर्यंतच तू मला लिहितेस.

माया आहे तेवढीच असू दे, आणि रविवारी मुळीच घाई करू नकोस.

तुझी घाईबाई