डग्लसमधलं स्थळ

२ जुलै, बुध. दोहा.
बॅगा भरून झाल्या. लाडू आणू नका म्हणाला होता, तरी नेतेय. मुलाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. मुळात जायचंच नसतं. लग्न ठरायच्या आधी मुलीचे आईबाप मुलाच्या घरी आठवडाभर मुक्काम ठोकतात हे नाशिकला कुणी ऐकलं तर... पण ह्यांचं एकच. "उन्हाळ्यात तिथली हॉटेलं परवडत नाहीत. आणि तोच बोलावतोय ना."
मुक्ताला बँकेतून सुट्टी नाही. "यू गाइज गो अँड सी, आई. आय ॲम ओके विथ हिम." अठ्ठावीस वर्षांची घोडी, सहा महिने रोज त्याच्याशी फोनवर, प्रत्यक्ष भेट एकदाच. तो पुण्याला जाताना दोह्याला उतरला होता तेव्हा, पर्ल बेटावरच्या कॅफेत. आणि काय, तर ओके. आम्ही गहू घेताना सुद्धा ह्यापेक्षा जास्त बोलतो.
मुलगा निनाद. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. शहराला लागून डग्लस म्हणून उपनगर, तिथे चार बेडरूमचं स्वतःचं घर. त्याची आई फोनवर दर वाक्यात "स्वतःचं" घालते.

४ जुलै, शुक्र. डग्लस.
काल पोचलो. डब्लिनला विमान, मग बस. बसच्या सीटला ओल्या कुत्र्याचा वास. हे म्हणतात तुला भास होतो. होत असेल. शेजारी ओलं कुत्रं बसलं होतं हेही खरं.
डग्लस म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी घरं. जोडीजोडीने चिकटलेली. प्रत्येकापुढे कचऱ्याचे तीन डबे, रंगीत, पाहुण्यांच्या स्वागताला. नि.ने वाकून नमस्कार केला. दिसायला बरा. बोलायला तर फारच बरा. "काकू, घर तुमचंच समजा."
घर बाहेरून छान. आत शिरल्याबरोबर लॅव्हेंडरचा इतका भपकारा की डोळे चुरचुरले. मी पंचवीस वर्षं क्लिनिकच्या लॅबमध्ये लोकांच्या थुंक्या न् लघव्या तपासतेय. एवढा सुगंध कशावर तरी झाकण म्हणून असतो. त्याच्या खाली ओल होती. आणि जुन्या तेलाचा, खूप माणसांच्या स्वयंपाकाचा वास.
वर दोन खोल्यांना कुलूप. "स्टोरेज आहे काकू." खाली गॅरेजलाही कुलूप. तेही स्टोरेज. एकट्या माणसाचं सामान किती!
आंघोळीला गेले. मोरीच्या जाळीत केस. एक लांब काळा, एक मेंदीने लाल झालेला, एक कुरळा. नि.ला पुढून टक्कल पडायला लागलंय.
ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आल्या आल्या सुरू झाली का लॅब?"

५ जुलै, शनि.
शहर दाखवायला नेलं. मधून नदी, तिला दोन फाटे, त्यामुळे आपण कुठल्या काठावर आहोत ते शेवटपर्यंत कळत नाही. पाणी बिनदुधाच्या चहासारखं. इंग्लिश मार्केट म्हणून जुना झाकलेला बाजार आहे, लोक फोटो काढत होते. छत सुंदर. मी वरच बघत चालले, कारण खाली मेंढीच्या रक्ताच्या सॉसेजची तपकिरी वेटोळी आणि शेजारी टॉवेलासारखी पसरलेली वजडी. मग डुकराचे पाय, नखं कापून दिल्यासारखे स्वच्छ. मी शाकाहारी नाही, पण नाकाला रुमाल लावला. हे म्हणे, "रक्ती आपल्याकडेही खातात." आणि ते वेटोळं मागवून खाल्लं. नि.ने टाळी दिली. दोघांचं मेतकूट जमलंय.
बाजाराच्या दारात एक आपल्यासारखी दिसणारी मुलगी होती. नि.ला बघून तिने हात अर्धा वर केला, मला बघून खाली घेतला. मी विचारलं, कोण?
"कोणी नाही काकू. हल्ली इंडियन्स फार झालेत इथे."
हे वाक्य मी दोह्यातही ऐकते, दुसऱ्यांच्या तोंडून. आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

६ जुलै, रवि.
ब्लार्नीचा किल्ला. हा तर कळस.
अरुंद गोल जिना. पुढच्याची पाठ आपल्या नाकाशी. वर गेल्यावर भिंतीच्या कडेला उताणं झोपायचं, मान खाली टाकायची आणि एका दगडाचा मुका घ्यायचा. का, तर जिभेवर सरस्वती येते. गोड बोलून माणूस गुंडाळता येतो. जगभरची माणसं ओळीने येऊन त्याच जागी ओठ लावतात. एक माणूस मधूनमधून फवारा मारून पुसतो, जसा केळेवाला केळ्यांवर पाणी मारतो तसा. मी रांगेतून बाहेर झाले. ह्यांनी मुका घेतला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! उठताना मला म्हणाले, "ये ना, मजा असते." मी म्हटलं, तोंड धुऊन येईपर्यंत माझ्या जवळ बसू नका.
नि.ने नाही घेतला. "आधीच घेतलाय, काकू."
"तुला गरज नव्हती," मी म्हटलं. तो हसला. छान हसतो.
बाग मात्र चांगली होती. आज दिवसभरात तेवढंच.

७ जुलै, सोम.
नि. ऑफिसला. हे जेवून झोपलेले. बेल वाजली. दारात परवाचीच मुलगी, बाजाराच्या दारातली. जॅकेट ओलंचिंब. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग माझ्या मंगळसूत्राकडे बघून मराठीत, "काकू, दोनच मिनिटं. माझा युनिफॉर्म आत राहिलाय. संध्याकाळी ड्यूटी आहे."
आत? कुठे आत?
तिने बाहेरच्या मीटरच्या पेटीतून किल्ली काढली. मुकाट वर गेली. मी मागे. स्टोरेज उघडलं.
दोन दुमजली लोखंडी पलंग, मधे जमिनीवर एक गादी. दोऱ्यांवर कपडे. कपाटावर देवाचा फोटो, त्याच्या बाजूला कुकर. खिडकीच्या भिंतीवर बुरशी. ठिपके नव्हेत. छतापासून उशीपर्यंत काळी चादरच. बोट लावलं तर बोट काळं झालं, ओलं. लॅबमध्ये अशी बुरशी आम्ही झाकून, मास्क लावून हाताळतो. इथे तिला लागून उशी होती, आणि उशीवर हाताने विणलेला अभ्रा.
ऋतुजा नाव. निफाडची. इथे कॉलेजात मास्टर्स करते आणि उरलेल्या वेळात वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं उठवणं-बसवणं. ह्या खोलीत पाच जणी. पलीकडच्या खोलीतही तसंच, गॅरेजमध्ये मुलगे. "दादांनी सांगितलं, कतारहून घरचे येतायत, आठवडाभर कुठे तरी जा. मी मैत्रिणीकडे जमिनीवर झोपते. भाडं भरलेलंच आहे, पण काय करणार? इथे खोली मिळतच नाही काकू. ही मिळायला चार महिने लागले."
खाली आणलं. चहा टाकला. सोफ्यावर बस म्हटलं तर उभीच.
"आम्हाला इथे बसायची परवानगी नाही."
"मी देते. बस."
बसली. टोकावर, ओल्या बसच्या सीटवर बसावं तशी. लाडू दोन खाल्ले, दोन रुमालात बांधून दिले. जाताना म्हणाली, "दादांना सांगू नका हं." तिचा नंबर मागून घेतला, माझा दिला. का घेतला, माहीत नाही.
ती गेल्यावर हात तीनदा धुतले. वास जात नाही.

संध्याकाळी ह्यांना फिरायला म्हणून बाहेर काढलं. खाडीकडे. ओहोटी होती, नुसता करडा चिखल, शेवाळाची घाण. लोक त्याच्या कडेने पळण्याचा व्यायाम करत होते. सगळं सांगितलं. हे ऐकून हसले.
"अगं, मी नाही का राहिलो दोह्यात, नजम्याच्या वस्तीत? एका खोलीत आठ जण. संडासाला रांग. तुला आणेपर्यंत तसाच राहिलो. काही बिघडलं का? त्या पोरांचंही चालतंय, त्याचंही चालतंय."
"तुम्ही भाडेकरू होतात. त्या मालकाला कुणी जावई करून घ्या म्हणालं असतं, तर घेतला असता?"
बुटाचा चिखल गवताला पुसला. मग म्हणाले, "तो हुशार आहे. मुक्ताला सुखात ठेवेल." मी म्हटलं, तेच म्हणते मी. कुणाच्या उशाशी ठेवेल?


८ जुलै, मंगळ.
नि.ने सुट्टी काढली. शँडनचं चर्च. टेकाडावर मनोरा, चारी बाजूंना घड्याळं. चारही पूर्वी वेगवेगळी वेळ दाखवायची, म्हणून गावातले लोक त्याला चार तोंडांचा खोटारडा म्हणतात. नि. हे हौसेने सांगत होता. पैसे देऊन वर गेलं की पाहुण्यांना घंटा वाजवता येतात. हे वर गेले. आम्ही खाली बाकावर. मी ठरवलंच होतं.
"निनाद, वरच्या खोल्यांत कोण राहतं?"
चेहरा हलला नाही. "ऋतुजा आली होती ना काल. दारावर कॅमेरा आहे, काकू."
मला वाटलं होतं दचकेल, शरमेल, निदान लाल होईल. नाही. नीट समजावून सांगायला लागला, लहान मुलाला सांगावं तसं. घराचा हप्ता केवढा असतो. पोरांना कुठेच जागा मिळत नाही. "मी त्यांना मदतच करतो. गोरे लोक दारातसुद्धा उभे करत नाहीत त्यांना." वरून ह्यांच्या घंटा. सूर नाही, ताल नाही, घण्ण घण्ण.
"आणि भिंत?"
"व्हेंटिलेशन ठेवत नाहीत ना ते. खिडक्या बंद करून भात शिजवतात."
मी म्हटलं, हे लपवलंस कशाला मग? मदत लपवायची असते का? मुक्ताला सांगितलं असतंस तर?
तेव्हा पहिल्यांदा तो माझ्याकडे नीट बघायला लागला. जरा दयेने. ती दया मला जन्मात विसरता येणार नाही.
"काकू, मुक्ताला पहिल्यापासून माहीत आहे. त्यांना आठवडाभर बाहेर ठेव, हे तिनेच सुचवलं. तुम्हाला ऑकवर्ड होऊ नये म्हणून."
हे खाली आले. घामाघूम, खूश. "ऐकलंत का? मीच वाजवली!"
ऐकलं म्हटलं.

१० जुलै, गुरु. दोहा.
मुक्ता घ्यायला आली होती. विमानतळाचं दार उघडलं की भट्टीची झळ. बरं वाटलं. निदान कोरडी.
गाडीत "सो? हाऊ वॉज इट?" हे ब्लार्नी, घंटा, बाजार, सगळं सांगत राहिले. मी मागे बसून तिची मान बघत होते. लहानपणी रस्त्यात कामगारांची बस शेजारी थांबली की काच खाली करून हात हलवायची. ते लोकही हलवायचे, अख्खी बस. ही तीच मान.

११ जुलै, शुक्र.
ह्यांची नोकरी पोर्टवर, शुक्रवारच्या सुट्टीलाही बोलावलं. दोघीच होतो. पोहे केले. विचारलं.
ती अजिबात डगमगली नाही. "आई, एव्हरीवन डज इट. लग्नानंतर वी विल स्लोली गेट देम आउट. मला काय लोकांबरोबर राहायचंय का?"
"बाहेर काढून जातील कुठे?"
"दॅट्स नॉट ऑन अस."
"भिंत बघितलीस? व्हिडिओवर?"
"ही विल पेंट इट."
रंग देईल. बुरशीवर. मी ताटलीतले पोहे तसेच टाकले. तिने ते पाहिलं. "यू आर डिस्गस्टेड विथ मी." प्रश्न नव्हता.
हो म्हणायला हवं होतं. नाही म्हणायला हवं होतं. भांडी घासत बसले. आपल्या पोटच्या पोरीचा हात हातात घ्यायला नको वाटावं, असलं काही आईला वाटतं का? हे कुणाला विचारायचं?

१२ जुलै, शनि.
ह्यांनी रात्री तोंड उघडलं. म्हणाले, नजम्यात त्यांच्या खोलीतला एक जण खोकून खोकून आजारी पडला, गावी पाठवला. त्याचं नाव आठवत नाही म्हणाले. आठवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, "तरी पण मुलगा वाईट नाही गं." तरी पण.

१३ जुलै, रवि.
सकाळी ऋतुजाचा मेसेज. "काकू, दादांनी खोली सोडायला सांगितलं. पंधरा दिवसांत. तुम्ही काही बोललात का? रागावले नाही, फक्त विचारते." खाली हात जोडलेले.
मी बोलले होते. पण त्याने आधीच कॅमेऱ्यात पाहिलं होतं. हे तिला कसं सांगू, आणि सांगून तिला काय उपयोग? लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. शेवटी मेसेज मुक्ताला जसाच्या तसा पाठवला. एक शब्द न घालता. ती तेव्हा बँकेत, इथे रविवार कामाचा दिवस.
दुपारी निनादच्या आईचा फोन. साखरपुडा दिवाळीच्या आत उरकू म्हणतात. हॉल बघून ठेवलाय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही, ना हो ना नाही. हे म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो, वहिनी."
मुक्ता संध्याकाळी आली ती सरळ खोलीत. अर्ध्या तासाने बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. डोळे कोरडे. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.
"ही सेज शी वॉज अ प्रॉब्लेम एनीवे. लेट नाइट्स."
"म्हाताऱ्यांना उचलते ती रात्री."
फोन हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिचा नंबर दे."
"कशाला?"
"दे ना, आई."
दिला. उठून गॅलरीत गेली, काच लावून घेतली. बाहेर एवढा उकाडा, तरी काच लावून. कुणाला तरी फोन लावलाय. तिला की त्याला, इथून कळत नाही. हातवारे करतेय. हे टीव्हीचा आवाज कमी करून बसलेत.
अजून बोलतेय.