स्टँडवरचा फ्लेक्स

सांगली, ३ नोव्हेंबर २०२४

ती. मिलिंददादास,
मायाचा सप्रेम जयभीम. तुझ्या लष्करी चौकीवर फोन लागतो तो ‘हॅलो, ऐकू येतंय का’ एवढ्यापुरताच, म्हणून पत्र.

नर्सिंगला पहिला वर्ग मिळाला, हे कळलंच असेल. कॉलेजात जर्मनीची माणसं आली होती. तिथल्या दवाखान्यात तीन वर्षं काम करत शिकायचं, दरमहा पगार, भाषेचा वर्ग आधी इथेच. माझी निवड झालीय. होकार दहा डिसेंबरपर्यंत द्यायचाय आणि माझं ठरत नाही. इथे तीन वर्षं घासून नर्स झाले, तिथे पुन्हा शिकाऊ? सकाळी वाटतं जावं, संध्याकाळी वाटतं कशाला. जेवणात लक्ष नाही.

आप्पांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी अर्धंच ऐकलं आणि चार दिवसांत वडूज स्टँडसमोर दहा फुटी फ्लेक्स लावला. युनिफॉर्ममधली मी, मागे विमान, आणि शुभेच्छुकांत आपल्याशी न बोलणारे चुलतेसुद्धा. कंडक्टरही विचारतो, विमान कधी? आता नाही म्हणाले तर आप्पा स्टँडवर तोंड कसं दाखवतील? लवकर लिही, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
माया

*

५६ ए.पी.ओ. मार्फत, १७ नोव्हेंबर

चि. मायास,
दादाचा जयभीम आणि पाठीवर एक धपाटा. विमानाचं वाचून अख्खी बराक हसली, माफ कर.

घरी ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. माझ्या भरतीचा फ्लेक्स आठवतो? मी मैदानी चाचणी मारली त्याच दिवशी आप्पांनी तो लावला. पुढे मेडिकलला कानामुळे नापास झालो. फ्लेक्स बघून घरी यायचं धाडस होईना. ट्रेनिंगला गेलो असं सांगून कऱ्हाडला रसवंतीवर सहा महिने ऊस गाळला आणि कान बरा झाल्यावर पुढच्या भरतीत लागलो. ते दिवस वैऱ्यालाही नकोत.

फ्लेक्ससाठी जाऊ नकोस आणि फ्लेक्सच्या रागानं राहूही नकोस. आप्पांशी स्पष्ट बोल. दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
मिलिंद

*

वडूज, ३ डिसेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम. रसवंतीचं कुणाला बोलले नाही.

रविवारी आप्पांना सांगितलं की माझं ठरलेलं नाही. आता फ्लेक्सचं काय, तेही विचारलं. आई चुलीपुढून म्हणाली, “बोर्डाचं काय घिऊन बसलीस? शेळ्यास्नी आडोसा हुईल. तू तुजं बघ.” आप्पा शिडी घेऊन गेले आणि फ्लेक्स खांद्यावर टाकून घरी आले. जेवलेही, दोन भाकरी. तुझा अंदाज चुकला.

वाटलं, सुटले. काल सांगलीची गाडी धरायला गेले तर स्टँडसमोर नुसते बांबू उभे. कंडक्टरनं काहीच विचारलं नाही आणि मला रडू फुटलं. जायचं नसतं तर बांबू बघून कशाला रडले असते? गाडी सोडून घरी आले आणि आप्पांना म्हणाले, मी जाणार. शिकाऊ तर शिकाऊ. होकार कालच पाठवला.

आप्पा लगेच फ्लेक्स आणायला गोठ्याकडे निघाले. आईनं तो रविवारीच वाऱ्याच्या बाजूला बांधला होता. ती काही तो सोडू देईना. मी जाऊन बघितलं, तर फोटोची बाजू आत होती. विचारलं तर वर न बघता म्हणाली, “धार काढताना दिसाय नको व्हय तू?”

दादा, तिला पत्र लिहीत जा. मीही तिकडून लिहीन.

तुझी,
माया