सहीखालचा नंबर

सौ. मोठीच्या आईस,
परमेश्वर तुला सुखरूप ठेवो.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं, पलंग खिडकीपाशी आहे. हुकूम आला की दोन तासांत निघायचं, म्हणून सामान बांधून पलंगाखाली ठेवलंय. छावणीच्या फाटकाबाहेर कुणालाच सोडत नाहीत. अकरा दिवस झाले, हुकूमही नाही आणि रजाही नाही.

तुझ्या ऑपरेशनची चिठ्ठी घेऊन मी पुन्हा साहेबांकडे गेलो होतो. भला माणूस आहे. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर आजच सोडलं असतं." त्यांच्याही हातात नाही म्हटल्यावर सलाम करून परत आलो.

तू शिवणयंत्रावर बसत नाहीस ना? धाकटी रडते का? पुढच्या गुरुवारी ऑपरेशनला जाताना तुझ्या भावाला सोबत ने. मी इथे सकाळपासून देवाचं नाव घेईन. कवायत असली तर मनातल्या मनात घेईन.

तू पाठवलेला दवाखान्याचा संमतीचा कागद सही करून सोबत पाठवतोय. सवयीने नावाखाली फौजेतला नंबरही लिहून बसलो. आमचा कारकून म्हणाला, "काका, काकूंसमोर पण नंबर सांगूनच उभे राहता का?" सगळे हसले, मीही हसलो. दुसरा कागद नव्हता. कोणी विचारलं तर सांग, अठ्ठावीस वर्षांची खोड आहे.

सही करण्याआधी तो कागद तीनदा वाचला. 'रुग्णाच्या जिवाचं बरंवाईट झाल्यास आमची तक्रार राहणार नाही' असं छापलंय. माझी राहील गं. पण तसं लिहायला कागदावर जागा नव्हती, म्हणून सही केली.

तुझ्याकडेच जीव लागलेला,
मोठीचे बाबा