उदयसिंग आता विचारत नाही

आसेगाव, १६ फेब्रुवारी २०२५

ती. प्रयागकाकू,

इंद्रभानचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? कारंज्याला आलो की भेटेन म्हणतो आणि बाजार आटोपून तसाच परततो. रागावू नका. इकडे सगळं ठीक. तूर भरपूर आली, डाळमिल दोन पाळ्यांत चालू आहे. माझ्या लेकीला, वैभवीला मुलगी झाली. आवाज असा, की मिलचा भोंगा काढून ठेवला तरी चालेल.

रंग पाहून डाळ निवडणारं नवं मशीन घेतलं. एका कामगाराला अकोल्याला फुकट शिकवतो, असं कंपनी म्हणाली. माझा मिस्त्री उदयसिंग, पोहरादेवीकडचा, दारात येऊन उभा राहिला. "शेठ, मले पाठवा. चाळिशी लागली, पण डोस्कं अजून चालते."

मी म्हटलं, "तू शिकून आला की हिंगोलीचे मिलवाले तुले पळवून नेतीन. मंग मी काय मशीनची पूजा करू?"

सगळे हसले. तोही हसला. मी कोणालाच पाठवलं नाही.

वाटलं, आता हा सोडून जाईल. गेला नाही, काकू. वेळेवर येतो, सांगितलं तेवढं करतो. आधी दिवसभर मागे लागायचा, "शेठ, रोलर जरा ढिला करून पाहू काय? दाणा कमी फुटंन." आता तोंडातून शब्द नाही.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. परवा ऑफिसात बसल्या बसल्या मशीनचा पट्टा घसरल्याचा आवाज ऐकला. धावत गेलो, तर उदयसिंग पट्ट्याजवळच उभा.

"आयकू येत नाही काय रे?"

"येते ना शेठ. तुमी सांगसान म्हणून थांबलो."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

काल म्हटलं, "जा बापा अकोल्याले. पगार चालू ठेवतो."

"आता कायले, शेठ," म्हणाला आणि कामाला लागला.

काकू, मला हिंगोलीवाल्यांची भीती नव्हती. भीती इंद्रभानची होती. तुमच्या मिलमध्ये पोती उचलणाऱ्या या पोराला तुम्ही मोटर उघडायला दिली, ती जळाली तरी ओरडला नाहीत. डबा बांधून मोटरचं वाइंडिंग शिकायला पाठवलं. आणि शिकून मी काय केलं? इथं मिल टाकली, तुमची निम्मी गिऱ्हाइकं ओढली. उद्घाटनाला तुम्ही नारळ घेऊन आलात. त्या दिवशी घरी परतताना तुम्हाला काय वाटलं, हे कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. उत्तर ऐकायची हिंमत नाही.

एक करा. तुमच्या मुलानं, हरीओमनेही मिलमध्ये तसंच मशीन आणलंय म्हणे. उदयसिंगला बोलावून घ्या. मी सांगितलं असं कळू देऊ नका, नाहीतर तेही मालकाचा हुकूम म्हणून करेल. मशीन त्याच्यासमोर उघडं ठेवा आणि बाजूला व्हा. त्याला वेळ लागेल.

पण एखाद्या दिवशी त्यानं आपणहून काही विचारलं, तर त्याला परत पाठवू नका. तिथंच राहू द्या.

तुमच्याच हाताखालचा,
इंद्रभान