पायरीतलं वेटोळं

४ फेब्रुवारी

पायरी फोडणार! शेवटी सेक्रेटरी तयार झाले. "वहिनी, सोमवारी गवंडी येतो. तिथे नवीन ग्रॅनाइट बसवू. तुम्हाला जाता-येता त्रास नको." दोन महिने मीच त्यांच्या मागे लागले होते.

ग्रंथालयातून येताना हे त्या पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. शेजारणीला दिसले तेव्हा पिशवी मांडीवर, नाकावर वाचायचा चष्मा. चालताना हे तो कधी लावत नसत. दमून गोंधळले असतील. तेव्हापासून मी पहिल्या मजल्यासाठीही लिफ्ट घेते.

६ फेब्रुवारी

ग्रंथालयाचा फोन — पुस्तक राहिलंय. पिशवी अजून खुंटीलाच होती. आत पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा इतिहास! परत करण्याआधी सहज चाळलं. सुरुवातीला अब्जावधी वर्षं नुसते डोळ्यांना न दिसणारे जीव. पुढे काही हालचाल म्हणून नाही. त्या मानानं आमच्या सोसायटीची कामं लवकर होतात म्हणायची.

हसले. कितीतरी दिवसांनी.

७ फेब्रुवारी

एकदा समुद्रातल्या बहुतेक सगळ्या जाती मेल्या. मला वाटलं, संपलं. पान उलटलं तर पुढचं प्रकरण होतं.

८ फेब्रुवारी

एका पानाचा कोपरा दुमडलेला. हे ह्यांचंच काम. यावरून मी किती ओरडायचे! त्या पानावर अमोनाइट — समुद्रात राहणारा प्राणी, डायनोसॉरच्या बरोबरच संपला. वेटोळा शंख, आत कप्प्यांमागून कप्पे. जुन्या इमारतींच्या चुनखडीच्या फरशीत कधी कधी सापडतो म्हणे.

पुस्तक हातात घेऊन उतरले. जिन्यानं! त्या पायरीवर तपकिरी गोल डाग आहे. जिना धुवायची पाळी आली की मी तो ब्रशनं घासायचे आणि हे वरून म्हणायचे, "राहू दे गं, तो काही निघायचा नाही."

कसा निघेल? डाग नाहीच तो!

१० फेब्रुवारी

गवंडी छिन्नी लावणार तोच आडवी गेले. सेक्रेटरी चक्रावले. "वहिनी, तुम्हीच मागे लागला होतात ना?"

"होते. आता नको."

गवंड्यानं पायरीवर पाणी ओतलं. वेटोळं असं उजळलं की त्यानं आपणहून छिन्नी पिशवीत टाकली. खजिनदार मात्र हटून बसले. "कोट्यवधी वर्षांचं मढं जिन्यात कशाला ठेवायचं?"

चार माणसांत मी कधी तोंड उघडत नाही. आज उघडलं. म्हटलं, "भाऊसाहेब, हा दगडच मुळी शिंपल्यांचा झालाय. तुमचा उंबराही ह्याच दगडाचा, त्यातही मढीच आहेत. आधी तो फोडू या का?"

जिनाभर हशा! शेजारीण ओरडली, "काकू, अहो तुम्ही बोललात!"

पायरी राहिली. जिंकले!

११ फेब्रुवारी

सकाळी पायरीवर जाऊन बसले. नुसत्या डोळ्यांना वेटोळंच दिसत होतं. मग ह्यांचा वाचायचा चष्मा लावला — आतला एकेक कप्पा स्पष्ट!

हे दमून बसले नव्हते. बघायला बसले होते.