कानशीखाली गेलेला सांधा

मॅकफर्सन, कॅन्सस
२२ एप्रिल १९७३

चि. वेंडेल यास,
अ. उ. आ.

गाडी रंगवून झाल्याचं तुझं पत्र पोचलं. रंगाच्या वासानं नॅडीन दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहिली, आणि परतल्यावर नवऱ्याच्या आधी तिनं गाडीची चौकशी केली, हे वाचून हसले. लाल रंगावरून तुझ्या भावानं तुझी सालटी काढली असती. त्याला ती काळीच हवी होती. पण हॉलिस गेल्यावर दोन वर्षं ती इथे ताडपत्रीखाली पडून होती. तू नेलीस म्हणून ती रस्त्याला लागली. तेव्हा रंग तुझ्या मर्जीचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हॉलिसच्या फळीवरची पुस्तकं मी डावीकडून एकेक वाचतेय, हे तुला ठाऊक आहे. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला वेळ लागतो, शब्दकोश शेजारी ठेवावा लागतो. परवा वेल्डिंगच्या पुस्तकापाशी आले. त्यात लिहिलंय, स्टिअरिंगचा दांडा नुसता टोकाला टोक लावून कधी जोडू नये. जोडायचाच झाला तर वरून जाड नळी चढवावी. आणि सांध्यावर कानस मुळीच चालवू नये, कारण घासलं की त्याचं बळ जातं.

वेंडेल, तुझ्या गाडीचा दांडा तसाच जोडलेला आहे. मोठं इंजिन बसवताना स्टिअरिंगची पेटी पुढे सरकवावी लागली आणि दांडा वीतभर आखूड पडला. हॉलिसनं दुसऱ्या दांड्याचा तुकडा त्याला जोडला. दिवा मी धरला होता. मग तीन दिवस तो कानस चालवत बसला, वरून काळा रंग दिला, आणि मला डोळे मिटून बोट फिरवायला लावलं. सांधा कुठे आहे ते ओळख म्हणाला. मला नाही ओळखता आला. काय खूश झाला होता!

माझं वाचणं चुकलंही असेल. पण तू एकदा नीट बघ. आणि तोवर जूनमधल्या गाड्यांच्या मेळाव्याला तीनशे मैल ती चालवत नेऊ नकोस.

माया आहेच, उत्तराला उशीर करू नये.
तुझी वहिनी,
ओपल

कर्नी, नेब्रास्का
२८ एप्रिल १९७३

ती. ओपलवहिनीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. दांडा वरपासून खालपर्यंत पाहिला, नख फिरवलं. सांधा कुठेही नाही. असता तर मला दिसला असता.

वहिनी, रागावू नका, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी किती गाड्या उभ्या केल्या? हॉलिसनं नऊ केल्या. आमच्यात ज्याचा सांधा दिसतो त्याला कारागीर म्हणत नाहीत. मेळाव्यात म्हातारे गुडघ्यावर बसून नखानं सांधे शोधतात, आणि हॉलिसच्या गाडीपाशी हात टेकून उठतात. पुढच्या फळीवर डॉक्टरी पुस्तकं नाहीत ना? नाहीतर पुढल्या पत्रात मला क्षय झालेला असायचा.

आतापर्यंत दोनशे मैल चालवली. दर रविवारी नॅडीनला शेजारी बसवून चर्चला नेतो. मी दहा वर्षांचा असताना त्यानं माझ्या हातात पहिला पाना दिला. त्याचं काम करवतीनं कापायला मला सांगू नका.

प्रकृतीला जपावे, आणि जरा गोष्टींची पुस्तकंही वाचावीत.
आपला,
वेंडेल

मॅकफर्सन
२ मे १९७३

चि. वेंडेल यास,
अ. उ. आ.

सांधा दिसला नाही, हेच वाचून मी जास्त घाबरले. तो दिसू नये म्हणूनच तर तीन दिवस कानस चालली होती.

काल फोन केला. नॅडीननं उचलला, तुला हाक मारली, आणि हात तेलकट आहेत असं तू गॅरेजातून ओरडून सांगितलेलं मला इथवर ऐकू आलं. बरं. लिहून पाठवते.

आता इथे फोन वाजला की मी हात पुसत त्याच्यासमोर नुसती उभी राहते. चौथ्या घंटीनंतर उचलते. आज सकाळी चर्चमधल्या बाईनं केकबद्दल विचारायला फोन केला. माझा आवाज ऐकून तिनंच मला बरं नाही का म्हणून विचारलं.

हॉलिस चुकला असं लिहायला मला आवडतं असं तुला वाटतं का? या घरात त्याच्याबद्दल बोलायला मी एकटीच उरलेय. पण त्याच पुस्तकात एक परीक्षा दिली आहे. दांड्याचा रंग पूर्ण काढायचा. रॉकेलनं भिजवून तासभर ठेवायचा, मग कोरडा पुसून वर खडूची पूड भुरभुरायची. आत चीर असेल तर मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. खडू आणि रॉकेल तुझ्या घरात आहे. तू खरा ठरलास तर तुझ्या लाल गाडीत बसून मेळाव्याला येईन आणि सगळ्यांसमोर माफी मागेन.

माझ्यासाठी म्हणून कर. रागावलास तरी चालेल, पण चालत येऊन रागाव.
ओपल

कर्नी
९ मे १९७३

प्रिय ओपलताई,
सा. न. वि. वि.

हे वेंडेलला न सांगता लिहितेय. तुमचं पत्र वाचून त्यानं ते कामाच्या मेजावर पान्याखाली ठेवलं. रविवारी धान्याच्या कोठारापाशी वळताना आमच्या पायांपाशी टिक् असा आवाज झाला. मी विचारलं, तर नवीन टायर आहेत म्हणाला. मी चाळीस वर्षं त्याच्या गाड्यांत बसतेय. टायर टिक् करत नाही. आणि येताना त्यानं वेग वीसच्या वर नेला नाही.

त्याला भीती वाटतेय, पण ती मला दाखवायची नाही. मी चाव्या पिठाच्या डब्यात घातल्यात. त्या कुठे गेल्या हे त्यानं अजून विचारलेलं नाही, यावरून काय ते समजा.

आम्हा दोघांसाठी प्रार्थना करावी.
तुमची जाऊ,
नॅडीन

कर्नी
१४ मे १९७३

ती. ओपलवहिनीस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

शनिवारी दांडा सोडवला. रंग काढला, सांगितलंत तसं केलं. खडू टाकल्यावर काहीच दिसलं नाही. मी जोरात हसलो आणि साक्षीदार म्हणून नॅडीनला बोलवायला आत गेलो. ती पिठाचे हात घेऊन आली, वाकली, आणि ही काय म्हणून विचारलं. केसाएवढी रेघ. दांड्याला पाऊण वेढा घालून गेलेली.

मेजावरच्या लोखंडी पकडीत धरून लांब पान्यानं ओढला. गाजरासारखा मोडला. आत बहुतेक जागा गंजलेली, म्हणजे चीर जुनी. चकचकीत लोखंड पेन्सिलीच्या जाडीएवढं उरलं होतं. तेवढ्यावर मी नॅडीनला पाच रविवार चर्चला नेलं. नंतर मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो.

नवा अखंड दांडा मागवलाय. वहिनी, एक विनंती. हे आपल्या तिघांतच राहू द्या. कुणी विचारलं तर दांडा जुना झाला होता म्हणेन. हॉलिसच्या कामाला माणसं अजून टोप्या काढतात. मेलेल्याला उत्तर देता येत नाही.

आपण होतात म्हणून हे पत्र लिहू शकतो.
वेंडेल

मॅकफर्सन
१८ मे १९७३

चि. वेंडेल यास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं येतंय. कागद मांडीवर आहे आणि मी मर्ल क्रेहबीलच्या गाडीत बसलेय.

तुझं पत्र परवा आलं. ते दोनदा वाचलं, आणि नंतर जमिनीवर बसून रडले. तुम्ही दोघं जिवंत आहात म्हणून, आणि त्याच्यासाठीही. तू म्हणतोस तसं गप्प राहायला मला फार आवडलं असतं. पण तुझा दांडा जोडला त्याच हिवाळ्यात हॉलिसनं आणखी दोन दांडे जोडले, दोघा मित्रांचे. एकानं माझं ऐकून त्याच दिवशी गाडीची चाकं काढून ठेवली. दुसरा हा मर्ल. उद्या शनिवारी त्याची नात लग्नाला उभी राहणार आहे, आणि तिला चर्चला याच गाडीतून नेण्याचं त्यानं कबूल केलंय.

सकाळी आले, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, वाचून वाचून तुझं डोकं फिरलंय. जिवंत असताना हॉलिससमोर हे बोलली असतीस का, असंही विचारलं. ते मला लागलं, कारण खरंच नसते बोलले. मग मी दार उघडून त्याच्या जागेवर बसले आणि सांगितलं, तू परीक्षा करीपर्यंत मी उतरणार नाही.

त्याला वाटलं जेवायच्या वेळी जाईन. बारा वाजता त्याची बायको लवॉन झ्वीबाख पाव आणि आलुबुखाराचा जॅम घेऊन आली, खिडकीतून आत दिला, आणि जाताना त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली की संध्याकाळचं जेवणही मी इथेच आणून देईन. दोनदा तो ओसरीत येऊन बघून गेला. माझ्या पायांपुढेच तो काळा दांडा आहे, गुळगुळीत, सुंदर. त्याला हात लावायला भीती वाटते, आणि हातही लावावासा वाटतो.

आता मर्ल येतोय. एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात पाना. तोंड फुगलंय. म्हणतोय, उतर आता, तुझ्या पायांमुळे मला काही दिसत नाही. मी म्हणाले, आधी बॉनेट उघड.

उघडतोय. बाकीचं नंतर. नॅडीनला माझ्याकडून मिठी द्यावी.
ओपल